नाना हरवले आहेत, वारलेले नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कट्टा उघडला तर पहिल्याच पानावर रमीच्या जाहिराती, एक वशीकरणवाले बाबा आणि टकलावर केस उगवणारं तेल. 'पाथर्डी कट्टा' ही वेबसाइट मी आणि राधाकृष्ण सरांनी काढली ती लोकांनी बसच्या वेळा, गायीचे भाव, हरवलं-सापडलं असल्या कामाच्या गोष्टी बोलाव्यात म्हणून. आता माझा निम्मा वेळ कचरा काढण्यात जातो. सर कर्जतला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, त्यामुळे वेबसाइटची यंत्रणा त्यांच्याकडे आणि झाडू माझ्याकडे. 'नियंत्रक' म्हणून माझं नाव झळकतं तिथं. काम अंगण झाडायचं, पण पदवी भारी.

दुपारी फोनवर सरांशी वाजलं. परवा एक निवृत्त गुरुजी वारले, त्या बातमीखाली दोनेकशे लोकांनी एकच ओळ लिहिली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आमच्या कट्ट्यावर प्रतिसाद आला की तो विषय सगळ्यात वर येतो. गुरुजी दिवसभर वर राहिले आणि एका बिचाऱ्याची गाभण गाय हरवली होती ती विचारणा पार तळाला गेली. सर म्हणाले, "ताई, एकच मजकूर सतरांदा येतो तो स्पॅमच. हे शब्द यंत्रातच अडवू या."

मी म्हणाले, "सर, तेल विकणारा आणि हात जोडणारा एका चाळणीत घालू नका. माणूस गेल्यावर दोन शब्द बोलायची रीत आहे आपल्याकडं. ती अडवली तर लोक कट्ट्यावर पाऊल ठेवणार नाहीत."

"बोलू द्या की. निदान वाचून तरी बोलावं," सर म्हणाले. शेवटी माझंच खरं केलं मी. सर भिडस्त आहेत, त्यांचं माझ्यापुढं चालत नाही.

नाना सकाळपासून "पानी सोडायचंय" म्हणत होते. टाकी काठोकाठ भरली आहे हे दोनदा झाकण उघडून दाखवलं. तरी चपला घालून दारात उभे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आता घरच्या टाकीची काळजी करत बसतात. शेवटी दाराला कडी लावली. तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कोणी जेलर. बापाला कोंडून ठेवणारी लेक. काय करू पण? मी झेरॉक्सच्या दुकानावर गेले नाही तर खायचं काय, आणि घरी बसायला दुसरं आहे कोण? आई गेली, भावंड नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नाना घरात नाहीत.

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मुलांची झुंबड होती, दुकानातून यायला उशीर झाला. आले तर दार सताड उघडं. कडी मी लावली होती की नाही, हे काही केल्या आठवत नाही. शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, "स्टँडकडं चालले हुते. हातात काठी अन् बॅटरी. म्या म्हनलं भर दुपारी बॅटरी कशाला, तर म्हनले उशीर व्हतो कंदी कंदी." गल्लीतल्या पोरांना घेऊन सगळा स्टँड पालथा घातला. वडाप जीपवाल्यांना विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं. भर दुपारी बॅटरी घेऊन गेलेला म्हातारा कुणाच्याच लक्षात राहिलेला नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. साहेब चांगले होते, म्हणाले फोटो सगळीकडं टाका. विमलआत्याला कळवलं नाही. तिला ब्लडप्रेशर आहे आणि सख्खा भाऊ एवढा एकच.

घर शांत आहे. संध्याकाळी "पानी सोडायचंय" ऐकू आलं नाही आणि क्षणभर, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मग त्याच क्षणाची एवढी भीती वाटली की मी भांडी घासत बसले. घासलेलीच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कट्ट्यावर टाकलं. मोबाईलमधले नानांचे फोटो सगळे हललेले, कारण मोबाईल पुढं धरला की ते मान फिरवतात. शेवटी भिंतीवरचा निरोप समारंभातला फोटो काढला. अंगावर शाल, गळ्यात झेंडूचा हार, हात जोडलेले, चेहरा प्रसन्न. नुसता चेहरा कापून घेतला तर हार अर्धवट तुटलेला दिसत होता, म्हणून पूर्ण फोटोच ठेवला. वर नाव मोठ्या अक्षरात: भीमराज गंगाराम भिंगारदिवे, वय ७६, पाथर्डी. खाली सगळी माहिती, आता दाढी वाढली आहे, विसरतात, दिसल्यास फोन करा. फोटो खरंच सुरेख आला आहे. कुणाचीही नजर थांबेल.

पहिला प्रतिसाद लगेच आला. धावत मोबाईल घेतला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' कोणी आबासाहेब म्हणून आहेत. चुकून दुसरीकडचं इथं पडलं असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

चुकून नाही. झोपेतून उठून पाहते तर ओळीनं तेच. भावपूर्ण श्रद्धांजली. विनम्र आदरांजली. 'शांत, संयमी व्यक्तिमत्त्व हरपले.' एकानं तर लिहिलंय, 'परवाच भेट झाली होती, विश्वास बसत नाही.' कुठं भेट झाली होती रे बाबा? सांग ना! त्याला तिथंच विचारलं तर उत्तर आलं, हात जोडलेली दोन चित्रं आणि एक फूल.

मी लाल अक्षरात मधेच लिहिलं: 'कृपया वाचा. नाना हरवले आहेत, वारलेले नाहीत.' त्याखाली लगेच कोणी रतनबाई: 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' पालथ्या घड्यावर पाणी. मी मोबाईल गादीवर फेकला आणि मग परत उचलला, कारण फोन त्याच्यावरच यायचा आहे.

सरांचा फोन आला. म्हणाले, "ताई, फोटो बदला. हार घातलेला माणूस, हात जोडलेले, वर नाव आणि वय. लोक तेवढंच बघतात. आणि हे सगळे प्रतिसाद मी पुसतो."

मी म्हणाले, पुसायचे नाहीत. मला समजत नाही असं नाही. पण प्रत्येक श्रद्धांजलीला नाना वर येतात. पुसले तर ते रमी आणि तेलाच्या खाली जाणार, त्या गाभण गायीसारखे. हजार जणांनी हात जोडले आणि त्यातल्या एकानं जरी खालचं वाचलं तरी माझं काम होतं. लोकांना बोलू द्या, नाना वर राहू द्या.

"वर राहून उपयोग काय? वर मेलेला माणूस राहतोय, ताई."

मी फोन ठेवून दिला. असं तोंडावर बोलायचं माणसानं? मग स्वतःच लाज सोडून कट्ट्यावर अजून एक प्रतिसाद लिहिला, नुसता एक टिंब, विषय वर यावा म्हणून. नियंत्रक स्वतःच कचरा टाकायला लागली. हरकत नाही. नानांसाठी मी रमीची जाहिरातसुद्धा टाकीन.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी एक खरा प्रतिसाद आला: 'ही व्यक्ती कर्जत बस स्टँडवर पाहिली. अधिक माहितीसाठी पुढील दुव्यावर जा.' दुव्यावर जायला वेळ कुणाला, मी सरळ कर्जतची गाडी धरली. आत्याचं घर तिथंच. बहिणीकडं गेले असतील, का सुचलं नाही मला आधी! गाडीत बसल्यावर सगळं जुळलं असं वाटलं आणि मिरजगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना रागावूनसुद्धा घेतलं.

सर मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभे होते. गाडीतूनच मी त्यांना कळवलं होतं. आम्ही स्टँड, बाजार, मंदिरांचे ओटे, दवाखाना, सगळं पाहिलं. चहा प्यायला टेकलो तेव्हा सरांनी तो प्रतिसाद तपासला आणि त्यांचा चेहरा पडला. तोच मजकूर, त्याच खात्यावरून, कोल्हापूरच्या हरवलेल्या मुलाखाली, बीडच्या बाईखाली. फक्त गावाचं नाव बदललेलं. दुवा कर्जाच्या ॲपचा. "यंत्र लिहितं हे, ताई. माणूस नाहीच." मी स्टँडवरच रडले. लोक बघत होते. बघू देत.

आत्याकडं गेलो तर कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "मातीला गेल्यात ना समद्या, पाथर्डीला." पाथर्डीत आत्याच्या नात्यातलं कोण वारलं कुणास ठाऊक. मला कुणी कळवलंही नाही. आत्याचा मोबाईल नातवाकडं असतो, तो काही लागला नाही.

अंधार पडता पडता घरी पोचले. दारात जीप उभी. अंगणात पांढऱ्या साड्यांतल्या बायका. आत्या उंबऱ्यावर बसली होती, मला बघितलं तशी तिनं छातीवर हात मारला. "अगं माधुरे! माज्या भावाचं तोंड बी दावलं न्हाईस! कुठं नेलं त्याला? कवा उरकलं?"

"आत्या, नाना वारले नाहीत गं. हरवलेत. सापडेनात."

"मग समद्या जगानं हात का जोडल्यात?" तिनं नातवाचा मोबाईल माझ्यासमोर धरला. आमच्याच कट्ट्याच्या पानाचा फोटो, फक्त वरचा भाग. नाना, हार, नाव, वय आणि खाली एकाखाली एक श्रद्धांजली. माझी लाल ओळ त्यात आलीच नव्हती. "कर्जतात, जामखेडात, समद्यांच्या मोबाईलवर हाय ह्ये."

आत्या हसावं की रडावं न कळून दोन्ही करत होती. मग एकदम म्हणाली, "मंजी कुनी त्याला बघितलं तरी म्हनंल, त्यो न्हवं. त्यो तर गेला."

आत्या शाळेत गेलेली नाही, पण जे सर कालच सांगत होते ते मला तिच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. माझ्या बापाला मी वर ठेवलं, वर ठेवलं, आणि सगळ्या जिल्ह्यात पुरून टाकलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सरांना फोन केला आणि म्हणाले, सगळं पुसा. त्यांनी 'मी म्हणत होतो' असं म्हटलं नाही. त्याबद्दल त्यांचे उपकार.

श्रद्धांजली हा शब्द यंत्रात अडवला. लोकांनी 'श्रध्दांजलि' लिहिलं. तेही अडवलं, तर फुलं आली, पणत्या आल्या, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगा आल्या. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ. कुणाच्या मनात वाईट नाही, तेच तर जास्त वाईट आहे. तेलवाल्याला शिव्या देता येतात, या लोकांना काय म्हणू?

दुपारी सरांनी शेवटचा उपाय केला. प्रतिसाद लिहिण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: 'हे गृहस्थ हरवले आहेत की वारले आहेत?' बरोबर उत्तर दिलं तरच दार उघडतं. निम्म्याहून जास्त माणसं 'वारले' लिहून माघारी गेली. यंत्रं तर पहिल्या ओळीतच अडकली. मी फोटोही बदलला, गेल्या महिन्यातला, हललेला, पांढरी दाढी, मान अर्धी वळवलेली. हार नाही. फार केविलवाणे दिसतात त्यात. पण आज कुणाला दिसले तर ते असेच दिसणार.

संध्याकाळपर्यंत विषय तिसऱ्या पानावर गेला. एकही प्रतिसाद नाही. परवापर्यंत माझ्या मोबाईलला दम नव्हता, आज तो मेल्यासारखा पडून आहे. स्पॅम थांबवलं म्हणतात ते हे. आता मला कुणीही काहीही लिहिलेलं चालेल. आत्या म्हणते, जेव. मी ताट झाकून ठेवलं. नाना कुठं आहेत? थंडी पडली आहे, अंगात नुसता सदरा होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अनोळखी नंबर. देवळाली प्रवराहून मोनिका नावाची मुलगी बोलत होती, "ताई, ते मातीला गेलेले बाबा पोचले का नीट?" मला काही कळेना. तिनं फोन सासूकडं दिला. सासूचं नाव मुक्ताबाई, पाटाच्या कडेला त्यांची वस्ती.

मुक्ताबाई म्हणाल्या, "बाई, येक म्हातारं मानूस चार दिस आमच्याकडं हुतं. बॅटरी घिऊन पाटाच्या कडंनं फिरायचं, चारीचं दार बंद हाय का बघायचं. कोन, कुटलं, काय सांगता यीना. आमी म्हनलं असंल कुनाचं तरी, भाकर खाऊ घातली, वाकळ दिली. पोलीसपाटलाला बी सांगून ठिवलं."

लग्नानंतरची पहिली नोकरी नानांनी देवळालीच्या पाटावर केली, माझा जन्म व्हायच्या आधी. पाणी सोडायचंय, पाणी सोडायचंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, मी कर्जत पालथं घालत बसले होते.

"परवा सांजच्याला सूनबाईच्या मोबाईलवर त्यो फोटू आला," मुक्ताबाई सांगत होत्या. "हाराचा. तोंडावळा ह्या बाबासारका वाटला. पर खाली समद्यांनी लिवलेलं, म्हनलं गेलेला मानूस हाय, ह्ये कसं असंल. भाऊबंद असंल म्हनून त्यास्नी दावला. लई येळ बघत बसले. मंग म्हनले, ह्यो माजा मानूस हाय. मला मातीला जायाला पायजे. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, उशीर व्हईल म्हनून. काल सकाळी मालकांनी नगरच्या गाडीत बशिवलं, कंडक्टरला सांगितलं, म्हाताऱ्याला पाथर्डीच्या गाडीत घाला, घरात माती हाय. मातीला चाललेल्या मानसाला कुनी न्हाई म्हनत न्हाई, बाई. पोचले का बघावं म्हनून आज सूनबाईनं नावावरून तुमचं पान उगाडलं, तर ना हार, ना श्रद्धांजली. ह्योच बाबा फोटूत, अन् खाली तुमचा नंबर."

मी आभार मानले की नाही आठवत नाही. काल सकाळी बसवलं म्हणजे काल दुपारीच पाथर्डीत. मी घरात मोबाईल उराशी धरून बसले होते तेव्हा. घरी आले नाहीत, कारण घराची आठवण असती तर गेलेच नसते. मातीला निघालेला माणूस कुठं जाईल?

आत्याला काही न सांगता पळत सुटले. नदीकडच्या स्मशानात, पत्र्याच्या शेडखाली, सिमेंटच्या बाकावर नाना बसले होते. खांद्यावर टॉवेल, काठी मांडीवर आडवी, बॅटरी खिशात. ओठ थंडीनं काळे पडलेले. रात्रभर तिथंच होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. "बसा. लोकं यायची हायती अजून. लांबून येनार आसतील."

मी बसले. त्यांचा हात हातात घेतला, बर्फासारखा होता. त्यांनी घेऊ दिला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?"

"मुलगी."

ते हलले. काठी बाजूला ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगं, पोरी. मी वळखीत हुतो त्याला. चांगला हुता तुजा बाप."

मी मोठ्यानं रडले, असं रडले की आईच्या वेळीसुद्धा रडले नव्हते. नाना पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मी म्हणाले, "चला घरी." तर म्हणाले, "माती झाल्याबिगर कसं जायाचं?" मी म्हणाले, "झाली. सगळं नीट झालं. आता घरी जायचं." तेव्हा उठले.

दारात आत्या किंचाळलीच. त्यांनी तिलाही हात जोडले. आंघोळीशिवाय उंबरा ओलांडायला तयार होईनात, मातीहून आलेला माणूस तसा घरात शिरत नाही म्हणाले. चुलीवर पाणी तापवलं, अंगणातच आंघोळ घातली, कोरडे कपडे, घोंगडी. डॉक्टर येऊन गेले, छातीत कफ आहे, पण धोका नाही म्हणाले.

सरांना फोन केला. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाले, "कट्ट्यावर सापडले म्हणून लिहू का?" मी म्हणाले, नको, आज नको, तो विषयच काढून टाका.

दुपारी आत्यानं नानांसमोर ताट ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. घरात चहूकडं बघत बसले, मग आत्याकडं वाकून हळूच विचारलं, "त्याच्या पोरीनं काय खाल्लं का?"

मी माझं ताट घेतलं, त्यांच्यासमोर बसले आणि जेवले. शेवटचा घास गिळेपर्यंत ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी भाकरी मोडली.